साठी बुद्धी नाठी म्हणायचं, की यात साखरेचा हात आहे?

पिलबाग
६ डिसेंबर, रात्री १०:४२

मंडळी, जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

आमचे नाना ६९ वर्षांचे. रावेर तालुक्यात केळी, सगळं आयुष्य बागेत गेलं. शिक्षण जुनी सातवी, पण हिशेब असा की व्यापाऱ्याचा माणूस कॅल्क्युलेटर काढेपर्यंत नानांचा आकडा तयार. इतके क्विंटल, इतका भाव, घट वजा, मजुरी वजा, हातात इतके. मधुमेह १७ वर्षांपासून, बीपी दहाएक वर्षांपासून.

दिवाळीनंतर एक बाग कापली. नाना व्यापाऱ्याची हिशेबपट्टी घेऊन ओट्यावर बसले ते अर्धा तास बसूनच. मी मागून डोकावलो तर घट दोनदा वजा केलेली, मजुरी एकदाही नाही. मी काही बोललो नाही. त्यांनी कागदाची चौघडी करून खिशात टाकली आणि म्हणाले, "चष्म्याचा नंबर वाढला वाटतं."

तेव्हापासून लक्ष ठेवतोय. ठिबकचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. "मजूर किती सांगितले?" हे एका सकाळी तीनदा विचारतात. माणसं ओळखतात, रस्ते चुकत नाहीत, बँकेत एकटे जाऊन येतात. म्हणजे वेड लागलंय असं काही नाही. पण हे आमचे नाना नाहीत.

गावात सगळे म्हणतात साठी बुद्धी नाठी. माझे आजोबा ८८ व्या वर्षी गेले, त्यांना शेवटपर्यंत कोणाकडे किती उधारी ते तोंडपाठ. शुगरवाल्यांचं डोकं लवकर दगा देतं असं ऐकलंय. पण नानांची साखर एकदम कंट्रोलमध्ये. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ५.८. डॉक्टर दर वेळी शाबासकी देतात. मग हे काय?

कडू_कारलं
६ डिसेंबर, रात्री ११:०५

५.८!! नानांच्या पाया पडलं पाहिजे. मी ५१ चा, माझी ८.४ आहे आणि मी ठणठणीत. भाऊ, वयाचं आहे हे. रोज सकाळी कारल्याचा रस आणि जांभूळबियांची पावडर सुरू करा, सोबत सहा बदाम. आणि हा मेसेज वाचा, अमेरिकेत सिद्ध झालंय की अल्झायमर म्हणजे 'टाइप ३ मधुमेह', खोबरेल तेलाने बरा होतो.

गार्डबाबू
६ डिसेंबर, रात्री ११:३८

भो, आधी एक सांग. नानांना ऐकू येतं का?

हसू नको. मी भुसावळहून रिटायर झालेला गार्ड. इंजिनं, शिट्ट्या, यार्ड यांत ३४ वर्षं गेली. मधुमेह १९ वर्षं. तीन वर्षांपूर्वी घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की म्हाताऱ्याचं डोकं गेलं. सून म्हणाली दूध आणा, मी गूळ घेऊन आलो. असं चार वेळा झालं. मलाही पटलं होतं, खोटं कशाला सांगू. कानाच्या डॉक्टरने तपासलं तर उजवा कान निम्मा बंद. मशीन लावलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की आमच्या घरातला पंखा खडखड करतो.

ऐकू येत नसलं की माणूस 'हो हो' म्हणतो आणि नंतर त्याला आठवत नाही. आठवणार काय, कानात शिरलंच नव्हतं.

डॉ_सातपुडा
७ डिसेंबर, सकाळी ७:२०

मी शहाद्याकडे फिजिशियन आहे. इथे उपचार लिहून देत नाही, कुणीही वाचून स्वतःच्या मनाने गोळी बंद किंवा सुरू करू नका.

गार्डबाबूंचा प्रश्न अगदी रास्त. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता किंवा लांबवता येण्याजोगे १४ धोके सांगितले. त्यात मधुमेह आहे, बीपी आहे, वाढलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल आहे, आणि कमी ऐकू येणंही आहे. नजर अधू होऊन उपचार न करणं हा त्याच वर्षी नव्याने घातला. म्हणजे नानांचा चष्मा नुसता बहाणा समजू नका, डोळे तपासाच. पडदाही बघून घ्या. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या असतील तर मेंदूतल्या त्याच जातीच्या वाहिन्यांचंही काही खरं नसतं.

तुम्ही वर्णन करताय त्याला एमसीआय म्हणतात. आपलं आपण सगळं करता येतं, पण पूर्वीपेक्षा उतरलंय हे घरच्यांना आणि चाचणीत दिसतं. हा स्मृतिभ्रंश नव्हे. मेमरी क्लिनिकमध्ये येणाऱ्या अशा लोकांपैकी वर्षाला शंभरात दहा-पंधरा पुढे स्मृतिभ्रंशाकडे सरकतात. बरेचसे तिथेच राहतात, काही परतही येतात. मधुमेह असला की स्मृतिभ्रंशाचा धोका साधारण दीडपट, आणि रक्तवाहिन्यांच्या बिघाडातून येणारा प्रकार त्याहून जास्त.

पण मला खटकलं ते तुमचं ५.८. तुम्हाला शाबासकी मिळतेय, मला काळजी वाटतेय. ६९ वर्षांचा माणूस, १७ वर्षांचा मधुमेह आणि ५.८. हे कशाच्या जोरावर आलंय? घरातली झाडून सगळी औषधं, कोणत्याही डॉक्टरची, एकत्र मांडा आणि पाकिटामागची बारीक अक्षरं इथे लिहा. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, किती? रात्री जेवण किती वाजता आणि किती? रात्री घाम फुटतो का, सकाळी डोकं दुखतं का, कधी विनाकारण चिडतात किंवा भलतंच बोलतात का?

कडू_कारलं
७ डिसेंबर, सकाळी ९:१४

म्हणजे आता साखर कमी असली तरी डॉक्टरांना त्रास. वाढली तरी त्रास. धन्य.

पिलबाग
७ डिसेंबर, रात्री ९:३०

डॉक्टरसाहेब, तुम्ही विचारलं म्हणून एक गोष्ट आठवली. आम्ही तिला तेव्हा किंमत दिली नव्हती.

ऑक्टोबरात आमच्याकडे रात्रपाळीची लाईट होती. नाना रात्री मोटर चालू करायला गेले. अडीचच्या सुमाराला मला जाग आली, पाहतो तर खाट रिकामी. बॅटरी घेऊन गेलो. नाना बांधावर बसलेले, बंडी घामाने पिळून निघेल अशी. ऑक्टोबर असला तरी त्या वेळी गारवा होता. मी म्हटलं, "नाना, मोटर?" तर माझ्याकडे बघून म्हणाले, "गाडी भरली का?" कुठली गाडी? कापणीला महिना होता. घरी आणलं, आईने चहा दिला, नेहमीसारखा चोरून साखर घातलेला. वीस मिनिटांत ठीक. आम्ही म्हटलं झोपेत होते.

जेवण संध्याकाळी सातला. एक भाकरी, भाजी, बस. पूर्वी तीन खायचे. वर्षभरात सात किलो वजन उतरलंय, आम्ही खूश होतो की पथ्य पाळताहेत. क्रिएटिनिन १.६.

औषधं आता मांडली. डबा स्टीलचा, पेढ्यांचा. मोबाईलने फोटो काढून मोठं करून वाचलं, नाहीतर मुंगीसुद्धा वाचू शकणार नाही असं छापतात.

पाकीट एक: मेटफॉर्मिन ५०० आणि ग्लिमेपिराइड २, सकाळ-संध्याकाळ. तालुक्याच्या डॉक्टरांकडचं, ते जुनं.
पाकीट दोन: ग्लिमेपिराइड २, सकाळी. मे महिन्यात लग्नाला गेलो तिथे साखर वाढली होती, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी दिलं. ते तसंच चालू.
पाकीट तीन: ॲमिट्रिप्टिलिन १०, रात्री. पाय जळतात म्हणून तिसरीकडून.
शिवाय बीपीच्या दोन, रक्त पातळ करायची एक.

मेडिकलवाला
७ डिसेंबर, रात्री ९:५२

चाळीसगावात २२ वर्षं दुकान आहे माझं, म्हणून लगेच दिसलं. भाऊ, पहिल्या आणि दुसऱ्या पाकिटात एकच औषध आहे. कंपनी वेगळी, रंग वेगळा, नाव वेगळं. नाना साखर उतरवणारं ग्लिमेपिराइड दिवसाला चार नाही, सहा मिलिग्रॅम घेताहेत. एका डॉक्टरला दुसऱ्याचं पाकीट दाखवलं नसणार.

हे मी आठवड्यातून एकदा तरी बघतो. लोक म्हणतात, "ती पांढरी वेगळी, ही हिरवी वेगळी."

डॉ_सातपुडा
७ डिसेंबर, रात्री १०:०८

पिलबाग, शेजारीपाजारी कोणाकडे साखर बघायचं मशीन आहे का? आज रात्री तीनला बघा. सत्तरच्या खाली असेल आणि नाना शुद्धीत, गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, वर आली की भाकरीचा तुकडा किंवा दूध-बिस्कीट असं काही टिकणारं खायला द्या. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काही घालू नका, उचला आणि दवाखाना गाठा. या गोळीचा असर चोवीस तास आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहून जास्त टिकतो, त्यामुळे एकदा वर आलेली साखर पुन्हा घसरते.

आणि उद्या सकाळी, गोळी घ्यायच्या आधी, तिन्ही पाकिटं घेऊन तुमच्या डॉक्टरांसमोर बसा.

पिलबाग
८ डिसेंबर, पहाटे ३:१४

५४.

पिलबाग
८ डिसेंबर, पहाटे ३:३६

साखरपाणी दिलं. आता ९१. दूध-पोळी खाताहेत. अंथरूण ओलं होतं. पण विचारलं तर म्हणतात, "माले काय व्हयनं? काहीच नही."

गार्डबाबू
८ डिसेंबर, पहाटे ३:५०

जागाच आहे. सकाळी निघा लवकर.

डॉ_सातपुडा
८ डिसेंबर, सकाळी ६:४०

"काहीच नही" म्हणतात हेच घातक. वर्षानुवर्षं साखर वारंवार उतरली की शरीर सूचना द्यायचं सोडतं. थरथर नाही, धडधड नाही, सरळ डोकं गुंगतं.

कडू_कारलं यांच्या प्रश्नाचंही उत्तर इथेच देतो. मेंदूचा स्वतःचा साठा जवळपास नसतोच, रक्तातल्या साखरेवर तो मिनिटामिनिटाला जगतो. उत्तर कॅलिफोर्नियात १६,६६७ मधुमेहींची जुनी नोंद तपासून २००९ मध्ये एक अभ्यास आला. साखर इतकी उतरली की दवाखान्यात न्यावं लागलं, असं ज्यांना झालं होतं त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश जास्त निघाला. आणि जितक्या वेळा झालं तितका धोका चढता. शिवाय हे उलटंही फिरतं. विसरायला लागलेला माणूस गोळी दोनदा घेतो, जेवण विसरतो, म्हणून साखर उतरते, म्हणून आणखी विसरतो. कोंबडी आधी की अंडं आधी, हे नानांच्या बाबतीत आता सांगता येणार नाही. चक्र तोडायचं, बस.

मग साखर जितकी खाली तितकं डोकं शाबूत, हे खरं का? अमेरिकेत अॅकॉर्ड नावाच्या मोठ्या चाचणीत एका गटाला एचबीएवनसी सहाच्या खाली आणायचं होतं. त्या गटात मृत्यू जास्त व्हायला लागले म्हणून २००८ मध्ये तो भाग थांबवला. त्याच लोकांपैकी काहींची स्मरणशक्ती ४० महिने तपासली, तर कडक गटाचं डोकं काही जास्त तल्लख निघालं नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसात आम्ही साधारण सात-साडेसातवर समाधानी असतो, आजार जास्त असतील तर आठपर्यंतही चालवून घेतो.

याचा अर्थ तरुणपणी साखर मोकाट सोडा असा नाही. कारलंदादा, तुम्ही ५१ चे आणि ८.४. लंडनच्या सरकारी नोकरांचा एक जुना, दशकानुदशकं चाललेला अभ्यास आहे, व्हाइटहॉल. २०२१ मध्ये त्यातून दिसलं की मधुमेह जितका लवकर गाठतो तितका पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त, दर पाच वर्षं अलीकडे आला की साधारण चोवीस टक्क्यांनी. तुमच्या वयात साखर, बीपी, वजन आणि तंबाखू यांनी जे व्हायचं ते होतं, बिल सत्तरीत येतं.

'टाइप ३ मधुमेह' हा शब्द २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या संशोधकांनी वापरला, मेंदूतल्या इन्सुलिनच्या कामाबद्दल. कोणत्याही मान्य यादीत असा आजार नाही. खोबरेल तेल केसांना लावा.

कडू_कारलं
८ डिसेंबर, सकाळी १०:०२

तंबाखूचं कुणी सांगितलं तुम्हाला?

मेडिकलवाला
८ डिसेंबर, सकाळी १०:२०

अंदाजपंचे असणार. पण लागला 😄

दादा, कारल्याचा रस मी बंद करा म्हणत नाही. पण गोळी चालू असताना वरून रस, पावडर, काढा असं एकदम सुरू केलंत तर डॉक्टरांना सांगा. आणि गोळी सोडून रस, हे तर मुळीच नको. माझ्या काउंटरवर दोन्ही जातीची गिऱ्हाइकं येतात.

पिलबागभाऊ, पाकीट तीनबद्दलही विचारा. ॲमिट्रिप्टिलिन पायांच्या आगीवर चालतं, पण म्हाताऱ्यांना त्याने गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, गोंधळल्यासारखं होतं. सर्दीच्या साध्या गोळ्यांतही असं एक औषध असतं, क्लोरफेनिरामिन. लोक ती खोकल्यासाठी महिना-महिना खातात.

माळकरी
८ डिसेंबर, दुपारी २:४५

राम कृष्ण हरी. अमळनेरहून लिहितो. पाय जळतात हे वाचून राहवलं नाही.

माझ्या गळ्यात माळ आहे, चाळीस वर्षं मांस-मासे-अंडं वर्ज्य. मेटफॉर्मिन अकरा वर्षं. दोन वर्षांपूर्वी हरिपाठाच्या अभंगांचा क्रम चुकायला लागला. लहानपणापासून म्हणतोय, क्रम चुकत नाही कधी. मागून टाळ वाजवणाऱ्यांनी सावरून घेतलं, पण मला रात्री झोप लागली नाही. त्यात तळपाय बधिर, चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही. सगळे म्हणाले शुगरने नसा गेल्या.

बी-१२ तपासलं, १४८. मेटफॉर्मिनने बी-१२ आतड्यातून नीट शोषलं जात नाही, त्यात मी पक्का शाकाहारी, म्हणजे दोन्हीकडून गळती. इंजेक्शनं घेतली, आता गोळी चालू. पाय पूर्ण सुधारले नाहीत, उशीर झाला होता. डोकं बऱ्यापैकी मोकळं झालं.

डॉ_सातपुडा
८ डिसेंबर, रात्री ८:३१

माळकरी महाराजांनी माझं काम हलकं केलं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये मुद्दाम सूचना काढली की मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ ची कमतरता बऱ्याच जणांत आढळते, डोस जास्त आणि वर्षं जास्त तशी जास्त. आपल्याकडे त्यावर शाकाहाराची भर. आणि पाय जळणं मधुमेहाने असेल तसं बी-१२ ने पण असू शकतं. म्हणजे नानांना जळणाऱ्या पायांसाठी दिलेली गोळी कदाचित डोक्यावर बसत असेल आणि पायांचं मूळ कारण तसंच राहिलं असेल. थायरॉइड आणि सोडियमही तपासून घ्या. आपल्या उन्हाळ्यात, ४५ अंशांत, बीपीच्या पाणी काढणाऱ्या गोळ्या घेणारे म्हातारे सोडियम उतरून गोंधळलेले येतात. भुसावळ-जळगावच्या डॉक्टरांना मे महिन्यात हे रोजचं आहे.

खापरपोळी
९ डिसेंबर, दुपारी १:१०

मी धुळ्याची. सासूबाईंचं सांगते, कुणाच्या उपयोगी पडलं तर.

त्या ७१ च्या, बारा वर्षं शुगर. सासरे गेले त्याच्या पुढच्या श्रावणात कानबाई, म्हणजे आमची खान्देशातली देवी, बसवायची होती. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू काढतात, ते काम नेहमी त्यांचं. सुपात गहू घेऊन बसल्या आणि थांबल्या. पुन्हा सुरुवात, पुन्हा थांबल्या. मी म्हटलं, "आई, विसरलात का?" तर म्हणाल्या, "हो." तिथून पुढे सगळंच विसरायला लागल्या. गोळी, आंघोळ, कोण आलं, कोण गेलं. मेमरीची चाचणी केली, तीही खराब.

मग एका डॉक्टरबाईंनी तासभर बसून बोलणं काढलं. नैराश्य होतं. मला नंतर उमगलं की गहू काढताना त्या सासऱ्यांच्या नावाशी अडल्या होत्या. विसरल्या नव्हत्याच, उलट.

औषध आणि समुपदेशनाने चार महिन्यांत पुष्कळ फरक पडला. डॉक्टरबाई म्हणाल्या की मधुमेहात नैराश्य जास्त दिसतं, आणि दोन्ही एकत्र असले की स्मृतिभ्रंशाचा धोका नुसत्या मधुमेहापेक्षा बराच वाढतो. सरकारच्या मानसिक आरोग्य मदतीचा, टेलिमानसचा, १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आम्हाला तो उशिरा कळला.

पिलबाग
९ डिसेंबर, रात्री ९:०५

ताई, वाचून गलबललो. नानांचं तसं वाटत नाही, पण विचारतो. म्हणजे आईला विचारायला लावतो, मला ते "काय व्हयनं" एवढंच म्हणतील.

काल डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दुसरं पाकीट पाहून डोक्याला हात लावला. म्हणाले, मला कुणी सांगितलंच नाही. खरं आहे, आम्हीच सांगितलं नव्हतं. दुसरं पाकीट बंद, पहिलं बदलून साखर न पाडणारं औषध दिलं, क्रिएटिनिन बघून मेटफॉर्मिनचा डोसही ठरवला. रात्रीची पायांची गोळी हळूहळू कमी करायची. बी-१२ चं रक्त दिलंय.

तापीकाठचा_कांदा
१० डिसेंबर, दुपारी १२:१८

धागा छान, पण बीपीवर कुणीच बोलत नाही? शंभर जण साखर मोजतात, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडतात.

डॉ_सातपुडा
१० डिसेंबर, रात्री ९:४४

बरोबर पकडलंत. २०१९ च्या स्प्रिंट-माइंड चाचणीत बीपीचा वरचा आकडा १२० च्या खाली ठेवलेल्या गटात एमसीआय सुमारे एकोणीस टक्क्यांनी कमी झाला. पण एक खोच आहे: त्या चाचणीत मधुमेहींना घेतलंच नव्हतं. म्हणून नानांना आजच १२० वर आणा असं मी म्हणणार नाही. उभं राहिल्यावर चक्कर येऊन पडले तर डोक्याला मार लागून वेगळीच भानगड. मधल्या वयातलं बीपी मात्र कुणी सोडू नका. सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांचं बीपी आणि साखर फुकट तपासतात.

कडू_कारलं
१० डिसेंबर, रात्री १०:३०

घेतलं तपासून. १५८ / ९६. पुढे काही विचारू नका.

गार्डबाबू
१० डिसेंबर, रात्री १०:३४

विचारत नाही. उद्या सकाळी सहाला रेल्वेच्या मैदानावर या, मी रोज चार फेऱ्या मारतो. मशीन काढून ठेवतो, तुम्ही कारल्याबद्दल बोला.

पिलबाग
१८ जानेवारी, संध्याकाळी ७:५०

बरेच जण खाजगीत विचारताहेत म्हणून सांगतो.

साखर आता रात्री ११० ते १५० मध्ये असते. घाम नाही, भलतं बोलणं नाही. बी-१२ निघालं १७१, इंजेक्शनं चालू. पाय अजून जळतात, पण गोळी सुटल्यापासून सकाळी आंबलेले उठत नाहीत. भाकरी दोन झाल्या. भरिताचे दिवस आहेत, त्यात वजन दीड किलो वाढलं.

मेमरीची चाचणी जळगावला केली. मोका म्हणतात, तीसपैकी. शिक्षण कमी असलं तर एक गुण वाढवून देतात. मराठीतच घेतली. आधी कान तपासायला लावले, बरे निघाले. घड्याळ काढायचं होतं, अकरा वाजून दहा मिनिटं. नानांनी गोल छान काढला, आकडे छान मांडले, मग काटे काढायच्या आधी मॅडमना विचारलं, "रातना की दिनना?" मॅडमना काही कळेना. मी सांगितलं, आमच्याकडे अकराला लाईट येते, दिवसाची की रात्रीची त्यावर मोटर.

बावीस आले, वाढीव एक धरून. सव्वीसच्या खाली म्हणजे शंका. मेंदूचा फोटो काढला, त्यात बारीक वाहिन्यांचे जुने डाग आहेत. म्हणजे सगळंच त्या गोळीचं पाप नव्हतं. सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी. तोवर चालणं, बीपी, माणसांत बसणं. नानांना भजनी मंडळात परत पाठवलंय, बिडी सहा वर्षांपूर्वीच सुटली होती ती सुटलेलीच.

हिशेब? पूर्वीसारखा नाही. काल एक पट्टी आली. त्यांनी मांडली, मी मांडली, मग ताडून पाहिली. घट एकदाच वजा होती. मजुरी राहिली होती. मी बोट ठेवलं, त्यांनी लिहिली.

साखरेच्या नोंदीची वही तेच ठेवतात, आपल्या अक्षरात. तारीख, वेळ, आकडा. चौथा रकाना कशाचा म्हणून पाहिलं तर त्या दिवशीचा केळीचा भाव.

मेडिकलवाला
१८ जानेवारी, रात्री ८:१५

पेढ्यांचा डबा फेकला की नाही?

पिलबाग
१८ जानेवारी, रात्री ८:२१

आईने फेकू दिला नाही. आता त्यात बिबड्या आहेत. औषधांना सात खणांची डबी आणली.

नवा_सभासद_पारोळा
१९ जानेवारी, सकाळी ६:५५

रात्रभर धागा वाचला. माझ्या आईचं वय ७३, इन्सुलिन आणि गोळ्या दोन्ही, मागच्या एकादशीला उपास करून सुई घेतली आणि देवघरात बसल्या जागी भेलकांडली. घरी सगळे म्हणाले, देवीचं वारं आलं. मी आत्ता तिच्या पिशवीतली पाकिटं काढून ठेवली आहेत, एकूण नऊ. अक्षरं वाचून लिहितो, जरा वेळ लागेल. तिसऱ्यावरचं पुसलंय.

मेडिकलवाला
१९ जानेवारी, सकाळी ७:०२

पुसलेल्याचा नुसता फोटो टाका. आणि सुई कोणती, किती युनिट, ते आधी.